तातेरावांनी घडवलेला वकील

हिंगोलीच्या मुन्सफ कोर्टात तातेराव वकिलांएवढी माणसं कुणी घडवली नाहीत, असं खुद्द तातेरावच सांगत, त्यामुळे त्यावर शंका घ्यायला कुणाला जागा उरत नसे. निजामाच्या राज्यात कोर्टाचा सगळा कारभार उर्दूत चाले आणि तातेरावांची उर्दू अशी होती की मुन्सफसाहेब निकाल विसरून मान डोलवत. मुद्दा मांडण्याआधी ते एक शेर म्हणत, मांडल्यावर दुसरा म्हणत. कधीकधी मधला मुद्दा राहून जाई, पण त्याची आठवण कुणी करून देत नसे.

त्यांच्या हाताखाली तीन वकील होते. शिकवण्याची रीत ठरलेली होती. पहिली दोन वर्षं मागून मिसली, म्हणजे खटल्यांची कागदपत्रं, घेऊन चालायचं. पुढची दोन वर्षं पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या, तारखा लक्षात ठेवायच्या. त्यानंतर कोर्टात तातेरावांच्या पाठीशी उभं राहायचं आणि ते बोलायचे थांबले की हलकेच ‘बजा है’, म्हणजे बरोबर आहे, म्हणायचं. ऐकणं हीच अर्धी वकिली, असं ते म्हणत. उरलेली अर्धी त्यांनी स्वतःकडे ठेवली होती. तिघांपैकी एकजण सहा वर्षं ऐकून गावी परत गेला आणि त्यानं किराणा दुकान टाकलं. दुसऱ्यानं वडलांची पाटीलकी सांभाळली. दोघांचीही नावं तातेराव अभिमानानं घेत. आपल्याकडे तयार झालेला माणूस कुठंही अडत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

तिसरा संतराम. वसमतकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. हैदराबादला जाऊन वकिलीची परीक्षा पास झालेला, अक्षर सुरेख, बोलणं कमी. सन सदतीस साली तो तातेरावांकडे आला आणि अकरा वर्षं झाली तरी कोर्टात त्याच्या तोंडून ‘बजा है’ याखेरीज एक शब्द निघाला नव्हता. एकदा त्यानं फक्त तारीख वाढवून मागण्यापुरतं उभं राहण्याची परवानगी विचारली, तेव्हा तातेरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि घाई करू नकोस, तुझ्यासाठी मी मोठं काहीतरी राखून ठेवलंय, असं सांगितलं. ते मोठं काहीतरी इतकं जपून राखलं होतं की ते पुढं कुणाला सापडलंच नाही.

संतरामाला एक काम मात्र पूर्णपणे सोपवलेलं होतं, कारण ते तातेरावांना खालच्या दर्जाचं वाटे. पेशी झाली की पक्षकार बाहेर येऊन विचारायचे, आत काय झालं. उर्दू त्यांना कुठली समजायला. तातेराव चालता चालता म्हणत, “समझो हो गया,” आणि बोटानं संतरामाकडे दाखवत. मग संतराम कोर्टाच्या ओसरीवर बाकड्यावर बसे आणि आत काय झालं, समोरचा काय म्हणाला, आता पुढं काय होईल, हे सगळं साध्या मराठीत समजावून सांगे. शेताचा वाद असला तर खडे मांडून बांध दाखवी. लोक प्रश्न विचारत, तेही अवघड. ओसरीवर उत्तर देता यावं म्हणून त्याला मिसल पहिल्या पानापासून वाचावी लागे. एवढा वेळ तातेरावांकडे नव्हता.

या ओसरीवर सगळ्यात जास्त बसलेली बाई म्हणजे भिकाबाई. कळमनुरीच्या रस्त्यावरच्या एका तांड्यातली. तिच्या नवऱ्यानं, पेमानं, बैलांच्या पाठीवरून मिठाची वाहतूक करायचं सोडलं आणि नाल्याकाठची पडीक जमीन मोडून शेत केलं. तो मेला, तसा शेजारच्या जमीनदारानं दावा लावला की जमीन माझी, तांड्यातली माणसं ती माझ्यासाठी मजुरीनं कसत होती. पुरावा म्हणून त्यानं सरकारी पाहणीच्या नकला दिल्या. दरवर्षी कुणी काय पेरलं ते त्या पाहणीत लिहिलेलं असे. आणि त्या नकलांत एका साली शेत कसणारा पेमा होता, दुसऱ्या साली नेमा, तिसऱ्या साली तेमा आणि चौथ्या साली बेमा. जमीनदाराचं म्हणणं सरळ होतं: दरवर्षी वेगळा मजूर लावला, नावं कागदावरच आहेत.

संतरामानं पहिल्यांदा हे ओसरीवर सांगितलं तेव्हा भिकाबाईनं चारही नावं बोटांवर मोजली. मग म्हणाली, “एका नवऱ्याचं करता करता माहा जीव गेला, भाऊ. कागदात चार कवा झाले?”

संतरामाला हसू आलं, पण त्या संध्याकाळी त्यानं कोर्टात आणून ठेवलेला पटवाऱ्याच्या मूळ दप्तराचा बस्ता सोडून पाहिला. पटवाऱ्यानं घाईघाईत लिहिलं होतं आणि अक्षरांचे नुक्ते, म्हणजे ठिपके, दिलेच नव्हते. उर्दूत त्या पहिल्या अक्षराच्या खाली तीन नुक्ते दिले तर पेमा, वर एक दिला तर नेमा, वर दोन दिले तर तेमा, खाली एक दिला तर बेमा. रेघ तीच. नक्कल करणाऱ्या कारकुनानं दरवर्षी मनाला येईल तसे नुक्ते टाकले होते, आणि त्या नुक्त्यांतून तीन माणसं जन्माला आली होती.

त्यानं हे तातेरावांना सांगितलं. तातेराव त्या दिवशी एका नव्या शेरावर विचार करत होते. ते म्हणाले, नुक्तेबिक्ते कारकुनांचं काम, वकिलानं इन्साफवर बोलावं. आणि पुढल्या पेशीला ते इन्साफवर तासभर बोलले. मुन्सफसाहेबांनी मान डोलावली आणि पुढची तारीख दिली. असं नऊ वर्षं चाललं. संतराम दरवेळी बाहेर येऊन भिकाबाईला आत काय झालं ते सांगे, आणि दरवेळी त्याला स्वतःची लाज वाटे, कारण जे सांगायचं ते आत सांगायला हवं होतं आणि तो ते बाहेर सांगत होता.

अठ्ठेचाळीस साली पावसाळ्यात कोर्ट जवळजवळ बंदच होतं. रझाकारांच्या भीतीनं ज्यांचे सोयरे वऱ्हाडात होते ते तिकडं निघून गेले. तातेरावही वाशीमला गेले, मात्र कामानिमित्त. सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य संपलं आणि तातेरावांचं काम त्याच आठवड्यात उरकलं. परत आले तेव्हा अंगावर शेरवानी नव्हती आणि डोक्यावर पांढरी टोपी होती. या दिवसाची आपण वीस वर्षं वाट पाहत होतो, असं ते भेटेल त्याला सांगू लागले. वीस वर्षं ही गोष्ट त्यांनी कुणाला कळू दिली नाही, यावरून त्यांच्या संयमाची कल्पना यावी.

कोर्ट उघडण्याआधी त्यांनी सगळ्यांना बोलावलं. सगळे म्हणजे संतराम, कागदपत्रं लिहिणारा मुहर्रिर मोहनसिंग आणि तातेरावांचा भाचा दगडोबा. हा दगडोबा चार वर्षं नागपूरला कायदा शिकायला होता. सनद हाती पडली, कायदा तिकडंच राहिला, पण तो टाय बांधायला शिकून आला होता. तातेरावांनी बैठकीत जमाना बदलला आहे, आता लोकांच्या भाषेत, मराठीत काम करावं लागेल, हे पाऊण तास उर्दूत समजावलं. मग निर्णय सांगितले. पहिला, बाहेरची उर्दू पाटी काढून मराठी पाटी लावायची. दुसरा, नव्या जमान्याच्या कामाचा प्रमुख म्हणून दगडोबाची नेमणूक करायची. तिसरा निर्णय नव्हता.

“आणि मी?” संतरामानं विचारलं.

“तू आहेसच की. दगडोबाला सगळ्या मिसली नीट समजावून दे,” तातेराव म्हणाले. “म्हणजे तो तुला मार्गदर्शन करील.”

संतराम घरी गेला आणि जेवताना बायकोला, शकुबाईला, हे सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली की माहेरी सगळ्यांना ती सांगत आली आहे, आमचे हे कोर्टात बोलतात तेव्हा हाकिमसुद्धा ऐकत राहतो. तिच्या भावानं तर गावात ते सगळ्यांना सांगितलंय. तिला कधी त्यानंच तसं सांगितलं होतं की तीच धरून चालली होती, हे त्याला आठवेना. पण त्यानं ते अकरा वर्षांत दुरुस्तही केलं नव्हतं. तो ताटावरून अर्धपोटी उठला.

नवे मुन्सफसाहेब वऱ्हाडातून आले. किरकोळ बांध्याचा, चष्मा लावणारा माणूस. त्यांना उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की नवे हुकूम येईपर्यंत ज्याला मराठी येते त्यानं मराठीत बोलावं. तिसऱ्या दिवशी भिकाबाईची मिसल निघाली.

तातेराव उभे राहिले. पुढं संतराम नव्हे, दगडोबा बसला होता. संतराम नेहमीप्रमाणे मागं मिसल धरून उभा होता. तातेरावांनी सुरुवात सवयीनं उर्दूत केली. मुन्सफसाहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि मराठीत बोलायला सांगितलं. तातेरावांनी मराठीत बोलायचा प्रयत्न केला. ‘जनाबे आली’ काढून ‘महाराज’ घातलं, ‘इन्साफ’ काढून ‘न्याय’ घातलं, आणि मग लक्षात आलं की ही दोन वाक्यं संपल्यावर पुढं काही नाही. नऊ वर्षं जे बोलले त्यातलं मराठीत करण्याजोगं काही उरतच नव्हतं.

मुन्सफसाहेबांनी त्यांना नम्रपणे विचारलं, “शेत कोणाचं म्हणता तुम्ही, आणि काहून?”

हा प्रश्न नऊ वर्षांत कुणी विचारला नव्हता. तातेरावांनी दगडोबाकडे पाहिलं. नव्या जमान्याचा प्रमुख उठला, टाय सरळ केला, “माय लॉर्ड” म्हणाला आणि थांबला. मुन्सफसाहेब म्हणाले, मी लॉर्ड नाही, पुढं बोला. दगडोबाजवळ पुढचं नव्हतं. तो घाम पुसत खाली बसला. जमीनदाराचा वकील समोर शांत बसला होता. त्याचीही उर्दूच होती, पण आज त्याला बोलायची गरजच पडत नव्हती.

मुन्सफसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि पुढची तारीख द्यायला लेखणी उचलली. तेवढ्यात मागून भिकाबाई उठली. शिपाई तिला खाली बसवायला निघाला, पण ती हात पुढं करून बोलली.

“साहेब, तारीख नका देऊ. नऊ वर्सं तारखाच खाल्ल्या मी. माहं सगळं या संतरामभाऊला ठाव हाय. त्यानं मला शंभरदा सांगितलं. तुमाला एकदा सांगू द्या.”

मुन्सफसाहेबांनी विचारलं, यांचं नाव वकालतनाम्यात आहे का. मोहनसिंगानं पान उलटून दाखवलं. नाव होतं, तातेरावांच्या नावाखाली, बारीक अक्षरांत.

संतराम पुढं आला. त्याच्या तोंडातून पहिला शब्द जो निघाला तो ‘बजा’ होता. कोर्टात कुणीतरी हसलं. अकरा वर्षं पाठीमागं उभं राहून त्याला पुढं उभं राहायची सवयच राहिली नव्हती, आणि त्या क्षणी त्याला असंही वाटलं की मागं उभं राहणंच बरं होतं, तिथं चूक तरी होत नव्हती. मग त्यानं सहज भिकाबाईकडे पाहिलं. ती ओसरीवर बसावी तशी हनुवटीखाली हात घेऊन बसली होती, सांगा म्हणत असल्यासारखी.

तो तिलाच सांगू लागला. तुझ्या नवऱ्यानं कोणत्या साली नाला अडवला, कोणत्या साली पहिली जवारी घेतली, पटवारी कुठं उभा राहून लिहीत होता. मुन्सफसाहेब मध्येच म्हणाले, वकीलसाहेब, जरा इकडं पाहून बोला. संतराम ओशाळला आणि तिकडं वळला, पण बोलणं तसंच राहिलं. त्यानं मूळ दप्तर उघडलं, पटवाऱ्याची रेघ दाखवली आणि कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत तीच रेघ चारदा काढली. एकेक करून नुक्ते दिले. तीन खाली, पेमा. एक वर, नेमा. दोन वर, तेमा. एक खाली, बेमा. मुन्सफसाहेबांना उर्दू येत नव्हती, त्यामुळे त्यांनी नीट पाहिलं. उर्दू येणाऱ्या कुठल्याही मुन्सफानं ते आजवर नीट पाहिलं नव्हतं.

मग जमीनदाराच्या कारभाऱ्याची उलटतपासणी झाली. संतरामानं तीनच गोष्टी विचारल्या. नेमा कुठल्या गावचा. तेमाच्या बापाचं नाव काय. बेमाला कामावर कुणी ठेवलं. कारभाऱ्यानं आधी आठवत नाही म्हटलं, मग तिघंही मेले म्हटलं, आणि कुठं मेले असं विचारल्यावर पुन्हा आठवत नाही म्हटलं. मुन्सफसाहेब लिहून घेत होते. सगळं मिळून अर्धा तास लागला.

महिन्याभरानं निकाल आला. कब्जा पेमाचा, आणि पेमानंतर त्याची बायको भिकाबाई हिचा. भिकाबाईनं निकाल दोनदा वाचून घेतला, कागद चोळीत खोचला आणि संतरामाला म्हणाली की चार नवऱ्यांपैकी माझा एक मला परत मिळाला. मग ती तोंडाला पदर लावून रडली. संतरामानं तिला रडू दिलं. समजावून सांगण्यासारखं काही शिल्लक नव्हतं.

तातेरावांनी त्याच आठवड्यात वकिलांना चहाला बोलावलं. संतरामाला आपल्या शेजारी बसवलं आणि छोटं भाषण केलं. ते म्हणाले, लोक विचारतात, याला अकरा वर्षं गप्प का ठेवला. याचसाठी ठेवला. भांड्यात साठलेलं जसं एकदम उकळतं, तसं हे. माणूस घडवायचा तर त्याच्यावर विश्वास टाकावा लागतो आणि योग्य क्षणाची वाट पाहावी लागते; भिकाबाईच्या पेशीला मी मुद्दाम थांबलो, ते तुमच्या लक्षात आलं असेल. वकिलांनी माना डोलावल्या. मग तातेरावांनी जाहीर केलं की यापुढं कोर्टात दगडोबा पुढं बसेल आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर संतराम.

संतरामानं चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि म्हणाला, “वकीलसाहेब, मी कळमनुरीला चाललो.”

“कशाला?”

“बसायला. माझ्याच खुर्चीवर.”

तातेरावांनी त्याला सगळ्यांच्या देखत आशीर्वाद दिला. घरी गेल्यावर ते दगडोबावर ओरडले, असं मोहनसिंगानं नंतर सांगितलं.

कळमनुरीला तहसील कचेरीसमोर संतरामानं एक खोली घेतली. खुर्ची आणि टेबल शकुबाईच्या भावानं दिलं. बहिणीनं इतकी वर्षं जे सांगितलं ते अखेर खरं झालं म्हणून तो खुशीत होता. खोली लहान, त्यामुळे पक्षकार बाहेरच्या कडुलिंबाखाली बसत. भिकाबाईच्या तांड्यातून पहिली माणसं आली, मग आजूबाजूच्या तांड्यांतून, मग गावांतून. सगळ्यांजवळ एकच तक्रार असे, कागदात काय लिहिलंय ते कुणी सांगितलंच नाही. संतराम आधी वाचून दाखवी, मग समजावून सांगी आणि त्यानंतर दावा करायचा की नाही ते ठरवी. कधीकधी समजल्यावर लोक दावा न करता घरी जात. धंद्याच्या दृष्टीनं ते बरं नव्हतं.

डिसेंबरात एका बाजाराच्या दिवशी लिंबाखाली गर्दीत एक पांढरी टोपी दिसली. तातेराव. संतराम उठून गेला आणि त्यांना आत बोलावलं. ते म्हणाले, नको, मी फक्त पाहणीला आलोय, माझा माणूस कसा काम करतो ते पाहावं म्हटलं. आणि ते बाकड्यावर, दोन शेतकऱ्यांच्या मध्ये, टोपी सावरून बसले.

संतराम एका वृद्ध माणसाला त्याच्या वाटणीचा वाद समजावत होता. तातेराव ऐकत राहिले. तासाभरानं ते उठून गेले. पुढच्या बाजाराला पुन्हा आले, पुन्हा पाहणीला. तिसऱ्या वेळी त्यांच्या खिशात वही होती. त्यांनी ती बाहेर काढली, आजूबाजूला पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, “मुद्दईला काय म्हणतोस तू?”

“वादी.”

“आणि मुद्दाअलेहला?”

“प्रतिवादी. पण इथं लिंबाखाली मी ‘तुमी’ आणि ‘तो’ म्हणतो. लवकर कळतं.”

तातेरावांनी दोन्ही लिहून घेतलं. नंतर त्यांनी आणखी एक विचारलं, ते विचारताना ते संतरामाकडे पाहत नव्हते. त्यांच्याकडे तीन नव्या मराठी मिसली होत्या, कुरुंद्याकडच्या, आणि त्या आतापर्यंत त्यांनी वाचल्या नव्हत्या, म्हणजे वेळ मिळाला नव्हता. पहिल्या पानापासून वाचतात ते कसं, कुठून सुरू करायचं.

संतरामाच्या मनात बरंच काही आलं. अकरा वर्षं मनात येत होतं तेच. मग त्यानं समोरच्या वृद्धाला जरा सरकायला सांगितलं, तातेरावांच्या शेजारी बसला आणि त्यांच्या मांडीवर पहिली मिसल उघडली. आधी पक्षकारांची नावं वाचा, तो म्हणाला, आणि मोठ्यानं वाचा.

तातेरावांनी मोठ्यानं वाचलं. पहिल्याच ओळीला अडखळले. शेजारचा शेतकरी त्यांना म्हणाला की घाई नाही, नीट वाचा.

नव्या वर्षाच्या आधी हिंगोलीच्या कोर्टात तातेराव मराठीत सात मिनिटं बोलले. मुद्दा एकच होता आणि तो मांडला गेला. मुन्सफसाहेबांनी तो लिहून घेतला. दगडोबा मागं मिसल धरून उभा होता. बाहेर आल्यावर वकिलांनी अभिनंदन केलं, तेव्हा तातेराव म्हणाले की यात विशेष काही नाही, ही रीत आपण कळमनुरीला संतरामाला शिकवली, तीच इथं वापरून पाहिली.